सेलमची गोष्ट, पण कोणत्या पुस्तकातून?

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या तिकडच्या वर्गात आठवीची काही मुलं अजून अडखळत वाचतात आणि अभ्यासाला सेलमचे खटले आहेत (१६९२ मध्ये अमेरिकेतल्या सेलम गावात चेटूक केल्याच्या आरोपावरून चालले ते), म्हणून त्यांना त्यातल्या त्यात पातळ कादंबरी द्यावी का, असं विचारलं आहेस. जाडीवर जाऊ नकोस. या मुलांचं घोडं विचारापाशी अडत नाही, नावांपाशी अडतं. मार्च १६९२ मध्ये पहिल्यांदा चौकशीला उभ्या केलेल्या तिघींत दोघी सारा : सारा गुड आणि सारा ऑसबॉर्न. पुढे सारा क्लॉइस येते. अ‍ॅन पटनम हे तर आईचंही नाव आणि मुलीचंही. त्यात बायकांना हाक मारायची ‘गुडी’ म्हणून, म्हणजे पहिली झाली गुडी गुड! तेव्हा पहिल्या दोन प्रकरणांत माणसं किती येतात ते मोज. पाच-सहाच्या वर गेली, तर पुस्तक परत कपाटात.

सोपं म्हणजे खोटं नव्हे, एवढं मात्र बघ. मुखपृष्ठावर जळती बाई दिसली की सावध हो. सेलममध्ये कुणालाही जाळलं नाही. १९ जणांना फाशी दिली. जाइल्स कोरी हा ऐंशीच्या घरातला म्हातारा दगडांच्या वजनाखाली मेला. आणि कबुली देऊन त्यावर टिकून राहिलेल्यांपैकी कुणीच फासावर गेलं नाही, नाकारणारे गेले. हा उलटा न्याय ज्या पुस्तकात नीट कळतो, ते घे. तेरा वर्षांच्या मुलाला तो बरोबर कळतो, राग येण्याइतका कळतो.

‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पॉन्ड’ (१९५८) मलाही आवडतं, पण ते १६८७ च्या कनेक्टिकटमधलं, सेलमचं नव्हे. वर्णनंही ऐसपैस. ते तू मोठ्याने वाचून दाखव, त्यांच्या हातात देऊ नकोस.

आणि कादंबरीच्या आधी सारा गुडच्या जबानीचं अर्धं पान दे. दोघांना समोरासमोर उभं कर, एक न्यायाधीश, एक सारा. “कोणत्या दुष्ट आत्म्याशी तुझी ओळख आहे?” “कोणाशीच नाही.” वाक्यं इतकी तोकडी, की वर्गातला सगळ्यात बुजरा मुलगाही सारा होऊ शकेल. न्यायाधीशाचं काम मात्र त्याला देऊ नकोस, ते प्रश्न लांबतात.

तुझ्या
बाई