गर्भाची वाढ कमी आहे. अर्जिनिनची पावडर किंवा सिल्डेनाफिल घेऊन बाळाचं वजन भरून येतं का?

नाही, खुंटलेली वाढ भरून काढतं असं सिद्ध झालेलं एकही औषध किंवा सप्लिमेंट आज नाही. अडचण बहुतेकदा आईच्या ताटात नसते, वारेत (प्लासेंटात) असते: तिथल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावलेल्या नसतात, मग डबेच्या डबे प्रोटीन पावडर संपवली तरी बाळापर्यंत पोचतं तेवढंच. सिल्डेनाफिल या रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या औषधाकडून मोठी आशा होती, पण नेदरलँड्समधली चाचणी २०१८ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली. औषध दिलेल्या गटात नवजात बाळांना फुप्फुसांचे गंभीर त्रास झाले, काही दगावली. तेव्हा हे स्वतःहून मुळीच घेऊ नका. अर्जिनिन या अमिनो आम्लाचे (प्रथिनांतल्या एका घटकाचे) अभ्यास छोटे, निष्कर्ष कच्चे. कमी डोसचं ॲस्पिरिन जोखीम असलेल्यांना साधारण १६ आठवड्यांच्या आत सुरू केलं तर प्रतिबंधाला उपयोगी, नंतर वाढ भरून काढायला नाही. खरं काम डॉपलर सोनोग्राफीचं: नाळेतला रक्तप्रवाह पुन्हा पुन्हा बघून प्रसूतीची वेळ ठरवायची, आणि ती ३४ आठवड्यांआधी होणार असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं. मात्र रक्तक्षय, वाढलेलं बीपी, तंबाखू किंवा खरंच अपुरा आहार असेल तर त्यावरचे उपचार लगेच हवेत.