ओळख रोजची, पण फोन कुणाला करू?

प्रश्न : ताई, मी मूळचा अकोल्याचा, बँकेत आहे, बदली होऊन सांगलीत आठ महिने झाले. विश्रामबागला एकटाच भाड्यानं राहतो. सकाळी खालच्या टपरीवर चहाला रोजचीच चार माणसं असतात, शेजारच्या काकू जिन्यात भेटतात, त्यांनी एकदा डब्यातून पुरणपोळ्या दिल्या, मी डबा स्वच्छ घासून परत केला. पण सगळं ‘काय साहेब, बरंय का’, ‘हो, बरंय’ इथंच थांबतं. मागच्या महिन्यात दोन दिवस तापानं पडून होतो, कुणाला फोन करावा तेच सुचेना. माझं चुकतंय कुठं?

उत्तर : तापाचं वाचून जीव कळवळला ओ. तुमचं बोलणं रोज नव्यानं सुरू होतं आणि रोज तिथंच संपतं, कालचं आज कुणी पुढं नेत नाही, मला तरी घोळ एवढाच दिसतो.

आता बघा, पावसाळ्यात टपरीवर पहिला प्रश्न काय असतो? ‘आयर्विनला किती फूट झालं?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं. मग कोयना धरणातून किती सोडलंय, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतं. तुम्ही आकडा ऐकून, कप ठेवून निघत असणार. पुढच्या वेळी जरा थांबा आणि विचारा, ‘२०१९ च्या पुरात तुमच्याकडं पाणी कुठंवर आलं होतं?’

गावभागातल्या एका किराणा दुकानात मी कितीतरी वर्षं सामान घ्यायचे, पण नमस्काराच्या पुढं काही नाही. एकदा हे विचारलं तर त्या काकांनी काउंटरवरची भडंगाची पाकिटं बाजूला सारली, मागच्या भिंतीवर डोक्याच्या वर हात नेला आणि म्हणाले, ‘इथं.’ रंग दिलेला, तरी ओलीची रेघ दिसत होती. मग भिजलेली पोती, आईला बोटीतून कसं काढलं, सगळं आलं, अर्धा तास गेला. पण खरी ओळख त्या दिवशी नाही झाली बरं का, ती पुढच्या खेपेला झाली, मी पिशवी ठेवता ठेवता ‘आईंची तब्येत कशी आहे आता?’ म्हणाले तेव्हा. हातातलं माप तसंच धरून ते माझ्याकडं बघत राहिले.

आणि तुम्ही स्वतःचं काही सांगता का हो? नुसतं ‘बरंय’ म्हटलं की समोरच्यानं पुढं काय विचारायचं? अकोल्याच्या उन्हाचं सांगा, आईची आठवण येते ते सांगा, ताप आला होता तेही सांगा, त्यात कसला कमीपणा. फक्त पगार किती, लग्न का नाही असलं विचारत बसू नका, आपल्याकडं सर्रास विचारतात पण मला ते अजिबात पटत नाही.

राहता राहिला तो डबा. रिकामा दिलात? अहो, आलेला डबा रिकामा पाठवत नाहीत, काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात, तुमच्या आईनं पण हेच सांगितलं असतं. काकूंनी मनावर घेतलं नसेल, एकटा पोरगा आहे म्हणून सोडून दिलं असेल, पण बोलायचं निमित्त गेलं की हातचं! आता गावाकडनं याल तेव्हा आईच्या हातचं काहीतरी आणा, जिन्यात देऊ नका, बेल वाजवून द्या. त्या ‘या की आत’ म्हणतील. ‘नको, घाईत आहे’ म्हणू नका, चप्पल काढा आणि आत जाऊन बसा.