रोज बायबल वाचतो तरी घरात तसाच चिडतो, काय करू?

"ताई, रोज सकाळी चार अध्याय वाचतो आणि तासाभरात पोरीवर ओरडून मोकळा होतो, माझ्या विश्वासातच खोट आहे का हो?" हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा आलाय की एका भावाची गोष्ट लिहायचं ठरवलं. त्यांची परवानगी घेतलीय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ते वर्षभरात बायबल संपवायच्या प्लॅनवर होते. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीन-चार वाचलेच पाहिजेत आणि ॲपवर टिक मारली पाहिजे. मधे आई आजारी पडली, आठ दिवस वाचन सुटलं, मग ते भरून काढायला रात्री जागून गणनाच्या पुस्तकातल्या याद्या वाचत बसायचे, डोळे मिटत असले तरी. मी सहज विचारलं, "दादा, आज सकाळी काय वाचलंत?" बराच वेळ आठवत राहिले. आठवेना. डोळ्यात पाणी आलं.

आधी मी झोप, भूक, कामातलं लक्ष यांची चौकशी केली, कारण कित्येक आठवडे झोप उडालीय, कशातच मन लागत नाही, असं असेल तर तो विश्वासाचा कमीपणा नसतो, तिथे डॉक्टर लागतो आणि मी तसं स्पष्ट सांगते. त्यांचं तसं नव्हतं. नुसती धावपळ होती, देवाच्या नावाने चाललेली.

प्लॅन वाईट नाही, मीही तसं वाचलंय, सगळं एकदा नजरेखालून जातं. पण मनन वेगळं. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस मनन करणारा माणूस आहे ना, तिथला मूळ हिब्रू शब्द 'हागा', म्हणजे तोंडातल्या तोंडात पुटपुटणं, आणि यशयाच्या 31व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला हाच शब्द वापरलाय. सिंह शिकार सोडून पुढच्या शिकारीकडे पळत नाही. हे मला फार आवडतं.

म्हणून म्हटलं, आठवडाभर ॲप बंद. याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय, 27 वचनं, रोज तोच, मोठ्याने, सावकाश, आणि जिथे टोचेल तिथे थांबायचं, पुढे जायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी ते 19व्या वचनावर अडकले, ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, रागाला धीमा. वहीत लिहून आणलं, "मी प्रेमळ झालं पाहिजे". मी म्हटलं दादा, ही इच्छा झाली, आचरण नाही. कोणाशी? कधी? नक्की काय करणार? अर्धा तास आम्ही त्यावरच बसलो होतो आणि शेवटी वहीत आलं ते असं: रात्री जेवणानंतर पोरगी बोलायला आली की फोन दुसऱ्या खोलीत, आणि तिचं वाक्य संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

मग कळलं की भांडण सगळं तिच्या मार्कांवरून होतं. यिर्मया 29:11 त्यांनी मनात धरून ठेवलेलं, देवाचे संकल्प हिताचे आहेत, म्हणजे ॲडमिशन मिळणारच. मी म्हटलं आधी हे कोणाला लिहिलंय ते बघू. पत्र आहे ते, बाबेलला बंदिवासात नेलेल्या यहुदी लोकांना. आधीच्याच वचनात 70 वर्षांनी परत आणण्याची गोष्ट आहे, आणि त्याच्याही आधी, 5व्या वचनात, तिथेच घरं बांधा, मळे लावा, असं सांगितलंय. ते गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे देव लवकर सोडवतो असं नाही म्हणाला, तोपर्यंत कसं जगायचं ते सांगितलं." वचन आपल्या मनासारखं वळवायच्या आधी ते पहिल्यांदा ज्यांनी ऐकलं त्यांच्या शेजारी जरा बसावं, एवढंच मला वाटतं. दिलासा त्याने कमी होत नाही, उलट खोल जातो.

पुढच्या आठवड्यात चेहरा पाडून आले. "ताई, फेल झालो. पहिल्याच रात्री दुसऱ्या वाक्याला तिला तोडलं." मी त्याच अध्यायातलं 23 आणि 24 काढलं, आरशात तोंड बघून निघून जाणारा आणि आपण कसे होतो ते लगेच विसरणारा माणूस. तुम्ही विसरला नाहीत ना दादा, तोडलं त्याच क्षणी तुम्हाला दिसलं. खरंच, ते उठून तिच्या खोलीत गेले होते आणि सॉरी म्हणाले होते. तिने मान वर न करता "ठीक आहे पप्पा" म्हटलं, बस.

चौथ्या रात्री ती आपणहून आली. सायन्स नकोय म्हणाली, कित्येक महिने सांगायची हिंमत होत नव्हती म्हणाली. हे कपाचा कान घट्ट धरून बसले होते, चहा गार झाला, पण मधे बोलले नाहीत. तिचं म्हणणं त्यांना पटलंय असं नाही, अजूनही नाही पटलेलं, पण आता रोज थोडं बोलणं होतं.

वाचन अजून याकोबाच्या पहिल्या अध्यायातच आहे. परवा वही दाखवली, 20वं वचन उतरवलेलं, माणसाच्या रागाने देवाचं नीतिमत्त्व घडत नाही, आणि खाली फक्त पोरीचं नाव आणि दोन शब्द, "आज रात्री".