तयार गेम डब्यात गेला

प्रश्न : मामाकडे जुना व्हिडिओ गेम आहे, पावसात लाइट असली तर अजून खेळतो. पूर्ण झालेला गेमपण कंपनी रद्द करते म्हणे, खरं काय? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर : खरंय बाबा. निन्टेन्डो कंपनीच्या 'सुपर निन्टेन्डो' या जुन्या गेम-मशीनचा 'स्टार फॉक्स २' घे, गेम जवळपास तयार, पण तोवर प्लेस्टेशन नि सॅटर्न या दुसऱ्या कंपन्यांच्या मशीनचं थ्रीडी आलेलं, निन्टेन्डोचं स्वतःचं नवं मशीन 'निन्टेन्डो ६४' पण तोंडावर, त्यापुढे हा फिका पडेल म्हणून गुंडाळला. होडी रंगवून तयार नि नारळी पुनवेला पाण्यात घातलीच नाही, तसं! शेवटी २०१७ ला 'सुपर निन्टेन्डो क्लासिक' या त्याच जुन्या मशीनच्या छोट्या आवृत्तीत आला, तोपण पहिल्या 'स्टार फॉक्स'ची पहिली लेव्हल जिंकल्यावरच उघडतो. मामाच्या पिवळ्या कॅसेटीत शोधू नको हां, फुंकर मारून दमशील.