दोन गोळ्यांमध्ये अंतर ठेवलं की झालं?

या वेळच्या तीन पत्रांमध्ये औषधं निरनिराळी, पण विचारणा एकच: एक गोळी सकाळी आणि दुसरी रात्री घेतली तर चालेल ना?

प्रश्न : वडिलांचं वय ६९. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ अशी एकत्र गोळी ते सकाळी घेतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल आणून रोज रात्री एक घेतात. दोन आठवडे झाले. बारा तासांचं अंतर आहे, तर काळजीचं काही नाही ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : काळजीचं आहे, आणि अंतराचा इथे काही उपयोग नाही. ही औषधं एकमेकांना पोटात नाही, मूत्रपिंडात नडतात. शिवाय टेल्मिसार्टनचा अंमल चोवीस तास राहतो.

मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. आणणारी वाहिनी रुंद ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं करतात. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही औषधं नेमकी तीच द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. नेणारी वाहिनी टेल्मिसार्टनमुळे सैलावते. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी काढतं, त्यामुळे मुळात रक्ताचं आकारमानच घटलेलं असतं. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब घटतो आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य) चढू लागतं. धडधाकट माणसाला एखादी गोळी खपून जाते. साठीपुढच्या वयात, मधुमेह असताना, कडक उन्हाळ्यात किंवा जुलाब-उलट्या चालू असताना ती खपेलच असं नाही. पहिला महिना जास्त जोखमीचा.

याच वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे बीपीही वर जातं. मग होतं काय, की पेशंट गुडघ्याच्या गोळीबद्दल बोलत नाही आणि डॉक्टर बीपीचा डोस वाढवतात. आणखी एक: टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, वेदनाशामकानेही. क्लोरथॅलिडोन ते उतरवतं खरं, पण त्यावर विसंबू नका. बीपीसाठी म्हणून घरात 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर पाकीट उलटून वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराईड असतं.

आता करायचं काय? अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी थांबवा. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. याच आठवड्यात क्रिएटिनिन आणि सोडियम-पोटॅशियम तपासून रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी होणं, पावलांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी जा. दुखण्यावर नुसतं पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालतं: दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर आधी विचारा. गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावता येईल, कारण गोळीच्या मानाने त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर तेही विचारूनच. आणि हाडांच्या डॉक्टरांकडे गेलात की बीपीच्या गोळीची स्ट्रिप सोबत न्या. कमरेत घेतलेलं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शनही गोळीइतकंच मोजायचं असतं.

प्रश्न : थायरॉक्सिन ७५ सकाळी उपाशीपोटी घेते आणि अर्ध्या तासाने नाश्त्यासोबत कॅल्शियम. डोस दोनदा वाढवला, तरी टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) ९ च्या खाली येत नाही. (एक वाचक, पुणे)

उत्तर : इथे मात्र अंतरच औषध आहे. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि ते रक्तात पुरतं उतरतच नाही. दोन्हींमध्ये किमान चार तास हवेत. लोहाची गोळी, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड आणि मल्टिव्हिटॅमिन यांनाही हाच नियम. थायरॉक्सिन सहाला साध्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, कॅल्शियम कार्बोनेट दुपारच्या जेवणाबरोबर. लोह चालू असेल तर ते संध्याकाळी, कॅल्शियमच्या जोडीने नको.

वेळ बदलताना डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोनदा वाढवलेला डोस आता पूर्ण लागू पडू लागेल आणि कदाचित जास्तच होईल. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं ही त्याची खूण. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करा. पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीतून काही कळत नाही.

प्रश्न : अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे. अ‍ॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतो. बारा तासांचं अंतर ठेवायला सांगितलं आहे. पुरेल? (एक वाचक, बडोदा)

उत्तर : नाही. क्लोपिडोग्रेल गिळलं तेव्हा निष्क्रिय असतं. लिव्हरमधली एंझाइम्स त्याला कामाला लावतात, आणि त्यांतल्या एका मुख्य एंझाइमला ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल अडवतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये या जोडीबद्दल इशारा दिला, तेव्हाच वेळा वेगळ्या ठेवून फरक पडत नाही हेही सांगितलं होतं. प्रत्यक्ष हृदयविकारावर याचा परिणाम किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण पँटोप्राझोल हे कमी अडवणारं औषध सहज मिळत असताना वाद घालत बसण्यात अर्थ नाही. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्या.

बदल होईपर्यंत ओमेप्राझोल तडकाफडकी सोडू नका, कारण दोन रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत पोटातून रक्तस्राव व्हायची भीती असते. स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असताना क्लोपिडोग्रेल तर एक दिवसही चुकवायचं नाही. मेडिकलमधून 'हीच कंपनी नाही, पण तेच आहे' म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते काउंटरवरच वाचा: पँटोप्राझोल ४०. तिथे ओमेप्राझोल २० किंवा इसोमेप्राझोल ४० दिसलं तर परत करा.