जुनी पिस्तुलं रोजच्या स्वसंरक्षणासाठी बाळगावीत का?

तुम्ही लिहिलंय की वारशाने तुमच्याकडे दोन हत्यारं आली आहेत: कोल्टचं १९०३ चं .३२ बोअरचं पॉकेट पिस्तूल आणि एक जुनं .३८ चं रिव्हॉल्व्हर. कागदपत्रं रीतसर आहेत, दोन्ही चालतात. मग नवीन विकत घेण्यापेक्षा यातलंच एखादं रोज कमरेला लावलं तर काय हरकत आहे, असा तुमचा प्रश्न. जुनी हत्यारं उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं हे माझं काम आहे आणि त्यांच्यावर माझं मनापासून प्रेम आहे. तरी उत्तर सरळच देतो. पिस्तूल नको. रिव्हॉल्व्हर चालेल, पण ते कोणत्या काळातलं आहे हे कळल्याशिवाय नाही.

"चालतं" हा शब्द लोक फार लवकर वापरतात. रेंजवर जाऊन दोन मॅगझिन झाडली, काही अडकलं नाही, म्हणजे चालतं. पण रोज अंगावर असलेलं हत्यार जवळपास सगळा वेळ न उडवताच वागवलं जातं. गाडीत बसताना ते सीटला घासतं, स्वच्छतागृहात पट्टा सैल केला की निसटतं, रात्री काढून ठेवताना अर्धवट झोपेत हाताळलं जातं. एखाद्या दिवशी ते फरशीवर पडणार, हे गृहीतच धरायचं. त्या क्षणी ते उडणार नाही याची खात्री हवी. जुन्या हत्यारांपैकी बरीचशी नेमकी इथेच नापास होतात, कारण ती बनली तेव्हा ही खात्री देणारे भाग एकतर नव्हते किंवा पुरते विश्वासाचे नव्हते.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कोल्टच्या १८७३ च्या 'सिंगल ॲक्शन आर्मी' या रिव्हॉल्व्हरचं. त्यात घोड्यालाच (चाप ओढल्यावर पुढे आपटणाऱ्या भागाला) फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी सुई, जोडलेली असते. घोडा खाली असला की पिनचं टोक थेट काडतुसाच्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, टेकतं. मागून घोड्यावर ठोसा बसला की गोळी सुटू शकते. घोडा किंचित वर उचलून धरणारी एक सेफ्टीची खाच आहे, पण ती आणि तिच्यात अडकणारं चापाचं टोक इतकं नाजूक असतं की जोराच्या आपटण्याने तुटतं. म्हणून जाणकार सहाच्या सिलिंडरमध्ये पाचच गोळ्या भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. रुगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने मागे ओढावा लागतो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये ट्रान्स्फर बार आणला. चाप पूर्ण मागे ओढलेला असेल तेव्हाच ही पट्टी घोडा आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये येते आणि घोड्याचा फटका पिनपर्यंत पोहोचवते. चाप सोडलेला असेल तर घोडा पिनला शिवतच नाही. तोपर्यंत मूळ कल्पनेला शंभर वर्षं झाली होती.

डबल ॲक्शन (नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो अशा) रिव्हॉल्व्हरमध्ये ही काळजी बरीच आधी घेतली गेली. कोल्टने १९०५ मध्ये 'पॉझिटिव्ह लॉक' आणलं, म्हणजे चाप ओढेपर्यंत घोड्याला पिनपर्यंत जाऊ न देणारा अडथळा. स्मिथ अँड वेसननेही घोड्यासमोर येणारा अडथळा बसवायला सुरुवात केली होती, पण त्यांचं जुनं डिझाइन एका बारीक स्प्रिंगच्या भरवशावर होतं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी 'व्हिक्टरी मॉडेल' लाखोंनी बनवलं. १९४४ मध्ये असं एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी डेकवर पडलं, उडालं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने तो भाग नव्याने आखला. आता तो स्प्रिंगवर अवलंबून नाही, चाप पुढे आला की आतल्या भागांच्या हालचालीबरोबर पट्टी आपोआप वर सरकते. सुधारलेल्या हत्यारांच्या क्रमांकाआधी 'व्ही'च्या जागी 'एसव्ही' अक्षरं दिसतात.

स्प्रिंगच्या भरवशावरची पट्टी कशी दगा देते हे मी जुन्या पद्धतीच्या एका रिव्हॉल्व्हरमध्ये स्वतः पाहिलंय. बाहेरून ते चकाचक होतं, मालक दर महिन्याला तेलाचा फडका मारायचा. बाजूची प्लेट काढली तर आत पिवळट-तपकिरी, घट्ट, मेणासारखा थर. कित्येक वर्षांचं तेल सुकून साचलेलं. ती पातळ पट्टी त्या थरात चिकटून एका बाजूला बसली होती, म्हणजे घोड्यासमोर काहीच नव्हतं. चाप ओढा, सोडा, कितीही वेळा करा, बाहेरून काही कळत नाही. सॉल्व्हंटमध्ये भिजवल्यावर ती हलकेच टक करून जागेवर आली. मालक ते भरून खिशात ठेवत होता.

तुमच्या रिव्हॉल्व्हरची पहिली तपासणी म्हणूनच सालाची आणि अक्षरांची. ते युद्धानंतरचं स्मिथ अँड वेसन असेल, तर नवी पट्टी त्यात असायला हवी. असायला हवी म्हणतो, कारण चाप हलका व्हावा म्हणून ती काढून टाकणारे हौशी लोक भेटतात, आणि साफसफाईनंतर ती परत बसवायला विसरणारेही. रिकामं करून, दोनदा खात्री करून, कानाजवळ हलकं हलवलं की या पट्टीचा बारीक खुळखुळ आवाज बऱ्याचदा येतो. तेवढ्यावर विसंबू नका, प्लेट उघडून बघणाऱ्याकडे न्या.

आता कोल्ट १९०३. जॉन ब्राउनिंग या नामवंत शस्त्ररचनाकाराच्या डोक्यातून आलेलं हे पिस्तूल खरोखर सुंदर आहे. चपटं, गुळगुळीत, कपड्यात कुठे अडकत नाही. .३२ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त बनली आणि उत्पादन १९४५ मध्ये संपलं. मुठीच्या मागे दाबली जाणारी सेफ्टी आहे, अंगठ्याची सेफ्टी आहे. पण फायरिंग पिनला अडवून धरणारा वेगळा भाग नाही. घोडा आत लपलेला असल्यामुळे तो चढवलेला आहे की नाही हे बघून कळत नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) गोळी ठेवलीत तर तुमची सगळी मदार घोड्याला पकडून धरणाऱ्या खाचेवर आणि सेफ्टीच्या कडांवर येते, आणि त्या कडा ऐंशी ते शंभर वर्षांत किती झिजल्या आहेत हे भिंगाखाली घेतल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. चेंबर रिकामं ठेवलंत तर वेळ आल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढून गोळी चढवायला दोन्ही हात मोकळे असावे लागतात. अंगावर धावून आलेला माणूस अनेकदा एक हात आधीच धरून बसलेला असतो. शिवाय सुरुवातीच्या पिस्तुलांमध्ये मॅगझिन काढल्यावरही चेंबरमधली गोळी उडते. घरात आणखी कुणी ते हाताळण्याची शक्यता असेल तर हे आधी लक्षात घ्या.

गोळ्यांचाही एक खास त्रास आहे. तुमच्या पिस्तुलात बसणाऱ्या .३२ एसीपी काडतुसाच्या मागच्या कडेला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे हवी. हे पिस्तूल गोल टोकाच्या लांब गोळ्यांसाठी आखलेलं आहे. त्यात आजच्या आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्या भरल्या की त्यांना आत पुढेमागे सरकायला जागा मिळते. चालताना, बसताना हिसके बसत राहतात आणि कधीतरी वरचं काडतूस मागे सरकून त्याची कड खालच्याच्या मागे अडकते. मग स्लाइड कितीही ओढा, पुढचं काडतूस चेंबरमध्ये चढत नाही. हा अडथळा चापट मारून, हिसका देऊन सुटत नाही. मॅगझिन बाहेर काढून काडतुसं हाताने मोकळी करावी लागतात, आणि या पिस्तुलाच्या मॅगझिनची कळ मुठीच्या तळाला आहे. म्हणजे गोल टोकाचीच गोळी वापरायची, आणि .३२ ची ताकद मुळातच बेताची. पोकळ टोकाकडे लोक वळतात ते त्यासाठीच.

जुनं हत्यार उडालं नाही तर काय, याची भीती सगळ्यांना असते. चुकीची गोळी बसते आणि उडतेही, याची भीती फार कमी लोकांना असते. तुमचं .३८ नेमकं कोणतं .३८? .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिलं आखूड आणि किंचित जाड, दुसरं लांब आणि जास्त दाबाचं. ब्रिटिशांना पुरवलेली व्हिक्टरी मॉडेल्स पहिल्यासाठी बनली होती. नंतर अनेकांचं चेंबर आतून कोरून लांब केलं गेलं, म्हणजे .३८ स्पेशल आत जावं. जातंही, उडतंही. पण चेंबरचा मागचा भाग त्या काडतुसाला सैलच असल्याने पितळ फुगतं आणि उभं चिरतं. रिकामी टरफलं हातात घेऊन बघा: तळाजवळ फुगवटा किंवा बारीक चीर दिसली तर रेंजवरसुद्धा पुढची गोळी उडवू नका. वेबली या ब्रिटिश कंपनीच्या .४५५ रिव्हॉल्व्हरची अशीच कथा. सिलिंडरचा मागचा भाग तासून त्यात .४५ एसीपी बसवायची टूम निघाली होती, आणि त्या गोळीचा दाब ते रिव्हॉल्व्हर ज्या दाबाला तपासून पास केलं होतं त्याच्याही वर जातो. कोल्टच्या जुन्या .३८ पिस्तुलांमध्ये १९२९ ची .३८ सुपर गोळी मापाने अगदी चपखल बसते. दाब मात्र त्या पिस्तुलांना पेलणारा नाही. जास्त दाबाच्या 'प्लस पी' गोळ्या, फ्रेमवर मॉडेल क्रमांक नसलेल्या, म्हणजे ढोबळमानाने १९५७ च्या आधीच्या स्मिथ अँड वेसनमध्ये भरू नका. आणि वारशात हत्याराबरोबर जुन्या गोळ्यांचा डबा आला असेल तर तो वापरायचा नाहीच.

या सगळ्यावर लोक मला म्हणतात, सगळे भाग तपासून घेऊ, स्प्रिंगा बदलू, मग तर झालं? स्प्रिंगा बदलाच, पहिलं काम तेच. पण पेच तिथे सुटत नाही. ज्या हत्यारावर जीव टांगायचा त्याचा सराव नियमित हवा. तुम्ही जी गोळी भरून फिरणार तीच शेकडोंनी उडवून बघायला हवी, तरच ते अडकतं की नाही कळेल. आणि जितकी उडवाल तितकं ते झिजणार. नव्या हत्याराचा भाग मोडला तर दुसरा येतो. १९४५ मध्ये उत्पादन थांबलेल्या पिस्तुलाची स्लाइड तडकली तर दुसरं एखादं पिस्तूल मोडून तिचा जोड शोधावा लागतो. मग मालक झीज नको म्हणून सराव कमी करतात आणि बाळगणं तसंच चालू ठेवतात. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

इतर जुन्या पिस्तुलांबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. सोव्हिएत टोकारेव्ह टीटी-३३ ला मूळ रूपात हाताची सेफ्टीच नाही, घोडा अर्धवट मागे धरणारी खाच तेवढी. जपानी टाइप ९४ च्या डाव्या बाजूची उघडी पट्टी दाबली गेली की चापाला हात न लावता गोळी सुटू शकते. ते भरून बाळगणं हा विषयच नको. जर्मन लुगर संग्रहात शोभतं. कोल्टच्या १९११ मॉडेलच्या घराण्यातली पिस्तुलं आजही लोक बाळगतात आणि त्यात चूक नाही, पण ती बहुतेक आधुनिक उत्पादनं असतात. पहिल्या महायुद्धातल्या मूळ १९११ चं पोलाद आजच्यापेक्षा मऊ आहे आणि गोळी वर चढायचा उतार गोल टोकाच्या गोळीसाठीच आहे. ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ चं, पण त्यात फायरिंग पिन अडवणारा भाग फार उशिरा आला. बाळगण्याजोगं म्हणायला वॉल्थर पीपीके यातलं सगळ्यात जवळचं. युद्धाच्या शेवटच्या काळातली मात्र घाईत बनलेली असतात, ती सोडा.

मग उरतं काय? युद्धानंतरचं, चांगल्या कंपनीचं, .३८ स्पेशलचं डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं मिलिटरी अँड पोलीस, जे १९५७ पासून मॉडेल १० म्हणून ओळखलं जातं, किंवा १९५० चं छोटं चीफ्स स्पेशल. कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशलही उत्तम, पण त्याचं टायमिंग (घोडा मागे जाताना सिलिंडरचं घर नळीसमोर वेळेवर येणं) बिघडलं की ते जुळवून देणारे हात आता थोडे उरलेत. टायमिंग घरी बघता येतं. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामं करा, सिलिंडरला एका बोटाने हलका विरोध द्या आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा मागे अडकण्याआधी, निदान त्याच क्षणी, सिलिंडर जागेवर कुलूपबंद झालं पाहिजे. प्रत्येक घरासाठी हे वेगळं करून बघा, एखादंच घर चुकणं नेहमीचं आहे. मागे राहत असेल तर गोळी नळीच्या तोंडाशी वाकडी शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात.

कायद्याचं इतकंच: जुनं हत्यार घरात ठेवायची मुभा आणि ते भरून बाहेर न्यायची परवानगी या जवळपास सगळीकडे वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या कागदांत दुसरी आहे का ते बघून घ्या. आणि ज्या दिवशी ते खरंच वापरावं लागेल त्या दिवशी ते पुरावा म्हणून जप्त होईल. परत मिळालंच तर महिनोन्‌महिने कुठल्यातरी खोलीत बिनतेलाचं पडून आलेलं असेल. घरातली आठवण म्हणून जपलेल्या वस्तूचं असं व्हावं असं तुम्हाला वाटत नसेल.

कोल्ट रेंजवर न्या, गोल टोकाच्या नव्या गोळ्या वापरा, घरी आल्यावर साफ करून तिजोरीत ठेवा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून ठेवू नका, त्यात ओल धरून गंज चढतो. रिव्हॉल्व्हरवर कंपनीचं नाव काय आहे, नळीवर काडतुसाचं नाव कसं कोरलंय, क्रमांकाआधी कोणती अक्षरं आहेत आणि सिलिंडर उघडल्यावर आत फ्रेमवर मॉडेल क्रमांक आहे का, एवढं कळवा. पूर्ण क्रमांक इथे टाकू नका. त्यावरून ते कोणत्या काळातलं आहे हे बऱ्यापैकी सांगता येईल. तोपर्यंत दोन्ही रिकामीच ठेवा.