दार-ए-सलामला येताना क्लोरोक्विन आणू नका

ताई, तुम्ही विचारलंत की यजमानांच्या नोकरीमुळे दार-ए-सलामला यायचंय, सोबत दीड वर्षाची लेक आणि सासूबाई आहेत, तर मलेरियाच्या गोळ्या तिकडूनच भरून आणू का. गोडा मसाला, कुकरच्या रिंगा खुशाल आणा. क्लोरोक्विन मात्र आणू नका.

इथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, आणि तो क्लोरोक्विनला दाद देत नाही. टांझानियाने २००१ मध्येच ते बाजूला ठेवलं. २००६ पासून आर्टेमेथर-लुमेफँट्रिन देतात. 'दुका ला दावा'त, म्हणजे औषधाच्या दुकानात, 'दावा या म्सेतो' म्हटलं की कळतं. म्हणजे तिकडून आणलेली पट्टी इथे तापाला उपयोगाची नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ती जिवावर बेतू शकते.

आमच्याकडे बेतता बेतता राहिलं. सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा पर्समध्ये बडीशेपेच्या डबीशेजारी एक पट्टी होती, "असू दे तापाबिपाला" म्हणून. दुपारी खोलीत गेले तर माझा दोन वर्षांचा मुलगा पलंगाशी बसून तोंड वेडंवाकडं करत होता. हनुवटीवर पांढरी लाळ. पट्टीतली दोन घरं रिकामी, एक गोळी अर्धी चावलेली फरशीवर, दुसरीचा पत्ता नाही. सासूबाई मिठाचं पाणी आणायला धावल्या, मी थांबवलं. उलटी काढायची नाही, कारण मुलाला अचानक झटके येऊ शकतात आणि उलटी श्वासात जाऊ शकते.

जवळच्या दवाखान्यात म्हणाले, मलेरियाचीच तर गोळी आहे, घरी नेऊन लक्ष ठेवा. मी ऐकलं नाही. मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी पट्टी बघून कागदावर हिशोब मांडला. २५० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ क्लोरोक्विन १५०. मुलगा ११ किलोचा. दोन्ही गोळ्या पूर्ण गेल्या असत्या तर किलोमागे २७ मिलिग्रॅम झालं असतं, आणि ३० च्या आसपास जीव जाऊ शकतो. ५०० ची असेल तर तुमच्या लेकीएवढ्या मुलाच्या जिवावर बेतायला एकच गोळी पुरते. हे औषध फार झपाट्याने रक्तात उतरतं, तास-दोन तासांत हृदयाचे ठोके बिघडतात, रक्तदाब कोसळतो, पोटॅशियम खाली जातं. म्हणून ईसीजी आणि व्हेंटिलेटर असलेलंच रुग्णालय गाठायचं, मूल हसत-खेळत असलं तरी. आमचा रात्रभर तारांना जोडलेला होता. सकाळी त्याने दूध मागितलं तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

घर घेतल्यावर असं रुग्णालय किती मिनिटांवर आहे, ते आधी बघा. शाळा नंतर. औषधं कुलपात, आणि पाहुण्यांच्या पर्सही कुलपात. सासूबाईंना निघण्याआधीच सांगा, इथे येऊन सांगितलं की मन दुखावतं.

प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, ते तिकडच्या डॉक्टरांशी प्रत्येकाचं वजन सांगून ठरवा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज घ्यायची असते, मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. ही दुसरी चुकून रोज घेतली तर डोक्यावर परिणाम होतो, म्हणून खोक्यावर वार मराठीत लिहून ठेवा. नावांचाही घोळ आहे, लारियागो म्हणजे क्लोरोक्विन आणि लारियाम म्हणजे मेफ्लोक्विन. ताप आला तर आधी बोटाला टोचून तपासणी, मगच म्सेतो. दोन दुकानांतून दोन नावांनी तेच औषध आणून दोन्ही घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

सासूबाईंना हृदयाची किंवा बीपीची कुठली औषधं चालू आहेत? त्यांतल्या काही औषधांचं लुमेफँट्रिनशी जमत नाही. डॉक्टरांना ती यादी दाखवा आणि तिची एक प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.